डाव्या हाताचा ठोका

सुजितने कोंडीराम तात्यांना फसवलं. पुण्यातल्या एका स्टुडिओत, भर दुपारी, चहा पाजून फसवलं. मी त्याच खोलीत होतो आणि त्या वेळी बँडचा सगळा व्यवहार माझ्याच हातात होता, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सुजित म्हणजे 'दुष्काळी फाटा' या बँडचा गिटारवाला. आता त्यांची गाणी कुठेही ऐकू येतात. गिटारच्या खालून घुमणारा तो दबका संबळ सुरू झाला की पोरं म्हणतात, हा 'फाट्या'चा आवाज. तो त्यांचा आवाज नाही. आणि खरं सांगायचं तर तो तात्यांचाही नाही. तेच मांडायला बसलोय.

माझा धंदा साउंड सिस्टिमचा. संगमनेरात एका कर्ण्यावर सुरू केला, सायकलच्या कॅरिअरला बांधून लग्नांना न्यायचो. आज दोन टेम्पो आहेत, तीन जनरेटर आहेत, आणि यातलं काहीही भांडल्याशिवाय मिळालेलं नाही. माझं तोंड वाईट आहे. तात्या मला 'शेट' म्हणायचे, पण ते मान म्हणून नव्हे. मी कुणावर ओरडायला लागलो की ते शांतपणे म्हणायचे, "शेट तापलं, पानी आना."

सुजितची आणि तात्यांची पहिली भेट अकोले तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत झाली. कुस्त्यांच्या आधी दुपारी करमणूक म्हणून कुणीतरी कॉलेजच्या पोरांचा बँड ठरवला होता आणि साउंड माझा होता. सुजित गिटारवर, फिरोज ड्रमवर, मानसी नावाची मुलगी गायला. तिघेही संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. त्या दिवसांत ते दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवायचे, तीही जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात. गावकरी समोर मुकाट बसले होते, उन्हात बसतात तसे. आणि तेवढ्यात माझा जनरेटर बंद पडला.

मी ऑपरेटरवर ओरडत होतो. स्टेज गप्प झालं होतं. तिकडून देवळाकडून देवीची पालखी निघाली, आणि तिच्यापुढे एक बुटका, काळासावळा माणूस कमरेला संबळ बांधून वाजवत येत होता. डोक्यावर पांढरी टोपी, डावा खांदा थोडा उतरलेला. संबळ म्हणजे दोन नगाऱ्यांची जोडी, डावीकडचा मोठा आणि खर्जातला, उजवीकडचा लहान आणि टणक. पालखी स्टेजसमोर आली तेव्हा त्याने मान वर केली. फिरोज हातात काड्या घेऊन नुसता बसला होता.

"थांबला का?" वाजवता वाजवता त्याने विचारलं. "तुज्या हाताला लाईट लागती व्हय?"

लोक हसले. फिरोजही हसला, आणि वाजवायला लागला. पहिल्या दोन आवर्तनांत तो दोनदा घसरला, मग जमलं. सुजितची गिटार विजेवरची, तिचा आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता, तरी तो तारा छेडत होता आणि डोळे संबळावर होते. जनरेटर सुरू झाला तेव्हा मी खूण केली, पण त्याने गिटारची वायर लावलीच नाही. पालखी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच उभा होता. सामान भरताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, ते कोण होते? मला त्यांच्या घरी घेऊन चला."

त्या पोराला कान होता हे मी आजही नाकारत नाही. म्हणूनच तर जास्त राग येतो.

तेच कोंडीराम तात्या. त्यांचं घर पिढ्यान् पिढ्या गोंधळ घालणाऱ्यांचं. देवीचा गोंधळ हा त्यांचा वसा, आणि थोडी भाताची शेती. पोरांचं म्हणणं ऐकून ते इतकंच म्हणाले, "वाजवीन. पन देवीचं तिकडं आनायचं न्हाई. कवड्याची माळ घरी राहील." आणि शेवटपर्यंत त्यांनी ते पाळलं. पुढे पुण्यात एका मोठ्या कार्यक्रमात आयोजकांनी त्यांच्यासाठी कवड्यांच्या माळा, झगा, हळदीचा मळवट अशी सगळी तयारी करून ठेवली होती. तात्या म्हणाले, "मी हितं देवीचा मानूस म्हनून न्हाई आलो. वाजवायला आलोय." आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर, टोपी घालून उभे राहिले. ती आयोजक बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, मी तिला दहा मिनिटं ऐकवलं, आणि वर पोस्टरवर तात्यांचं नाव सुजितच्या नावाएवढ्या अक्षरांत छापून घेतलं. आधी तिथे नुसतं 'पारंपरिक वादक' होतं. तात्यांना पोस्टर दाखवलं तर म्हणाले, "लोक बघत्यात की मला. नाव कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला कळत नाही." त्या बाबतीत मी बरोबर होतो.

सरावाला मी त्यांना पुणे रस्त्यावरचं बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड मिळवून दिलं. झाडलं तरी पिसं उडायची. तात्या अकोल्याहून एसटीने यायचे, संबळ मांडीवर, आणि पिशवीत पत्र्याचा डबा. डब्यात दोन गोवऱ्या आणि थोडा भुसा. आल्या आल्या शेडबाहेर विस्तव करायचे आणि डावीकडचा नगारा शेकत बसायचे. त्या डाव्या नगाऱ्याला ते 'थोरली' म्हणायचे, उजव्याला 'धाकटी'. शेकून झालं की थोरलीवर वाकड्या टोकाच्या काडीने एकच ठोका द्यायचे आणि मान कलती करून तो आवाज पुरता संपेपर्यंत ऐकायचे. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. "थोरली बोलली का मग धाकटीनं बोलायचं," असा नियम. थोरली मनासारखी बोलली नाही तर विस्तवाकडे परत. पोरं अर्धा अर्धा तास थांबायची.

संबळाशिवाय कशावरही ते बोट वाजवत नसत. फिरोजला टेबल बडवायची सवय होती. तात्या त्याचा हात धरायचे. "त्याला कशाला मारतो? त्यानं काय केलंय?"

पहिल्याच आठवड्यात सुजितने त्यांच्या कानांना हेडफोन लावले. पोरं मशीनच्या टकटकीवर वाजवायची, म्हणजे लय हलत नाही. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"हे कोन कानात बसलंय?"

"तात्या, तो ताल आहे," सुजित म्हणाला.

"ह्यो ताल? ह्यो नळ गळतोय."

"सगळे यावरच वाजवतात, तात्या."

"वाजवू द्या. पन ताल मानसावानी असतो, बाबा. पळतो, दमतो, मधीच पानी प्यायला थांबतो. त्याला तू खुंट्याला बांदलाय."

सुजितने मशीन बंद केलं. त्यांची पहिली पाच गाणी त्या शेडमध्येच, टकटकीशिवाय रेकॉर्ड झाली. आजही ऐका. गाणं सावकाश निघतं आणि शेवटाला धावत असतं, आणि कुठे बदललं ते सापडत नाही. आधी सुजितची गिटार एकही जागा मोकळी सोडत नसे. तात्यांबरोबर वाजवून ती थांबायला शिकली. फिरोजने अर्धे ड्रम बाजूला काढले, कारण खालचा आवाज थोरली सांभाळत होती. मानसीने इंग्रजी सोडलं आणि स्वतःच्या आजोळच्या बोलीत, अकोल्याच्या डोंगराकडच्या बोलीत, लिहायला लागली. माझ्या मते तो बँड खरा तेव्हा होता, ती दोन-अडीच वर्षं. मला संगीतातलं काही कळत नाही, पण हजारो कार्यक्रमांना आवाज लावलाय, लोक केव्हा हलायचं थांबतात ते मला कळतं.

मग नाशिक, पुणे, मुंबई. मग विमान. बेंगळुरूला जाताना विमानतळावर तात्यांची पिशवी उघडली.

"हे काय आहे?" तिथल्या शिपायाने विचारलं.

"गवरी."

"कशाला?"

"थोरलीला."

मी मध्ये पडलो, आवाज चढवला, पण गोवऱ्या काही सुटल्या नाहीत. बेंगळुरूला हॉटेलच्या एसीत संबळ गारठला. मी स्वयंपाकघरात गेलो, मुख्य आचाऱ्याशी हुज्जत घातली आणि तंदूरसमोरची जागा मिळवली. तात्या टोपी नीट करून भट्टीशेजारी बसले, रोट्या आत-बाहेर होत होत्या आणि ते थोरलीला फिरवून फिरवून शेकत होते. आचारी हसत होते. तात्यांनी एक ठोका दिला आणि अख्खं स्वयंपाकघर थांबलं. एकाने त्यांच्या हातात गरम रोटी दिली. तात्या मला म्हणाले, "शेट, ही मानसं कामाची हायेत. तापल्याशिवाय काय होत न्हाई हे यांना म्हाईत हाय."

त्या रात्रीचा कार्यक्रम उत्तम झाला. पण येताना विमानात सुजित माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "भाऊ, दर वेळी ही शेकोटी कशी जमायची? पुढच्या वर्षी बाहेरच्या देशांत जायचंय." मी म्हटलं, "मी जमवतो." त्याने कानात हेडफोन घातले. तोपर्यंत बँडमध्ये कीबोर्डवाला आला होता, गाणी नाचायची झाली होती, टकटकही परत आली होती. तात्या टकटकीसोबत वाजवायचे, पण हेडफोन एकाच कानाला. दुसरा कान मोकळा ठेवायचे. का, असं विचारलं तर म्हणाले, "एक कान पोटासाठी, एक माझा."

आता स्टुडिओ. भाताची लावणी चालू होती. तात्या चिखलातून उठून, पाय धुऊन तसेच माझ्या गाडीत बसले. अकोल्यात आठवडाभर झड लागलेली, संबळाचं कातडं ओलसर झालं होतं. दोर ओढून भागत नाही, ओलं कातडं ओढलं की फाटतं. सुजितने चहा मागवला आणि म्हणाला, "तात्या, तुम्ही गावी असता तेव्हा आम्हाला सराव करता येत नाही. तुमचा एकेक ठोका सुटा द्या. आम्ही तो मशीनमध्ये ठेवू आणि त्यावर सराव करू."

तात्या खूश झाले. एक ठोका द्यायचा आणि आवाज पुरता संपेपर्यंत गप्प राहायचं, हे तर त्यांचंच काम. सुजितने आधी धाकटी मागितली, तिचे वीसेक ठोके दिले. मग थोरलीवर आले, पहिला ठोका दिला आणि काडी खाली ठेवली.

"दबलीय. विस्तव पायजे."

स्टुडिओवाल्याने छताकडे बोट दाखवलं. धूर झाला की तिथून पाणी सुटतं म्हणे. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, त्याने पार्किंगमध्येही पेटवू दिलं नाही.

"तात्या, सरावालाच आहे," सुजित म्हणाला. "चालेल."

"न्हाई चालत. ही थोरली न्हाई. हिला सर्दी झालीय."

"सरावाला चालेल हो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटाघाटी करणारा माणूस. मी नाही म्हटलं असतं तर त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नसतं. पण संध्याकाळी मला घुलेवाडीला लग्नाचा साउंड लावायचा होता आणि वाटेत चाकणला रस्ता तुंबलेला होता. मी म्हटलं, "उरका तात्या. सरावालाच आहे."

त्यांनी काडी उचलली आणि दबलेल्या थोरलीचे वीस ठोके दिले. एकदाही मान कलती केली नाही.

पुढच्या दौऱ्याला तात्यांना निरोप आला, या खेपेला विश्रांती घ्या. पुण्यात स्टेज लावताना मी पाहिलं, फिरोजसमोर रबरी चौकोनांची एक पाटी होती. त्याने एका चौकोनावर काडी मारली आणि माझ्याच स्पीकरमधून ती सर्दी झालेली थोरली बाहेर आली. एकसारखी, तीच, पुन्हा तीच. मी सुजितला बाजूला घेतलं आणि जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो शांत होता. म्हणाला, "भाऊ, तात्यांच्या वतीने करारावर सही तुमची आहे." खरं होतं. त्या कागदावर मी खोली, जेवण, खिडकीची जागा, पोस्टरवरच्या अक्षरांची उंची, सगळ्यावर भांडलो होतो. ध्वनिमुद्रित आवाज कुठेही वापरण्याचा अधिकार, असं एक वाक्य चौथ्या पानावर होतं. त्यावर मी भांडलो नव्हतो. आवाज कुठे जाणार, असं वाटलं होतं. मी त्याच दिवशी बँड सोडला.

तात्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "वाजवू द्या पोरांना. फक्त थोरली बदला म्हनावं. मी शेकून आनतो, एक ठोका परत घ्या." बस्स, तेवढंच. आपल्याला काढलं याचं नाही, नावाचंही नाही. तो ठोका.

पण त्या ठोक्यावर बांधलेलं गाणं गाजलं. दबका संबळ हीच बँडची ओळख झाली. आणि मग जे झालं ते मला आधी कळलंच नाही. तात्यांचा पुतण्या दशरथ, चाळिशीचा, घरचा वसा आता तोच चालवतो. त्याला गोंधळाला बोलावणारे लोक सांगायला लागले, 'फाट्या'सारखं वाजवा. दशरथने थोरलीचे दोर सैल केले. शेजारच्या गावच्यांनीही केले. नवरात्रात तात्यांच्या स्वतःच्या घरात, देवीसमोर, दशरथ सैल कातड्यावर वाजवत होता. मी तिथे जेवायला गेलो होतो. तात्या मधूनच म्हणाले, "दशरथ, थोरली शेक."

"तात्या, लोकांना हीच आवडती," दशरथ म्हणाला. "आन ही तुमचीच हाय की. तुमीच तर वाजवलीय."

 तात्यांचा हात पानावर तसाच राहिला. त्यांच्या बायकोने, काकूंनी, भात वाढला, त्यांनी पाहिला नाही.

'फाटा' नगरला येणार होता तेव्हा मी तात्यांना घेऊन गेलो. दुपारी चारला स्टेजची तपासणी होती. मैदानाच्या कुंपणाबाहेर तात्यांनी विस्तव केला, थोरली तापवली, ठोका दिला, मान कलती केली आणि समाधानाने हसले. किती वर्षांनी ते तसं हसले असतील. संबळ धोतराच्या सोग्यात गुंडाळून आत आणला. सुजित आला, वाकून पाया पडला. मनापासून पडला, तेही सांगतो.

"तात्या, बसा. किती दिवसांनी."

"बसत न्हाई. थोरली तापलीय, गार व्हायच्या आत घे. एकच ठोका."

सुजित माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, किती पाहिजेत ते स्पष्ट सांगा. मी विचार करतो."

मी पुढे झालो, पण तात्यांनी माझी बाही धरली. "पैशाचं न्हाई, बाळा. त्यो ठोका खोटा हाय. समदी पोरं त्योच शिकायला लागलीत. माज्या घरात शिरलाय त्यो."

"तात्या, जगाला तोच आवडतो. त्या दबक्या आवाजातच सगळं आहे. आता बदलला तर लोक म्हणतील हा आमचा आवाज नाही." मग त्याला कुणीतरी हाक मारली. "मी फोन करतो. नक्की बघू."

तो गेला. तात्या संबळ धरून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी थोरलीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "चला शेट. गार झाली."

फोन आला नाही. दिवाळीनंतर तात्यांना धाप लागायला लागली. मी शेवटचा गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर होते. म्हणाले, "शेट, तुमच्या मोबाईलात घेता येतं ना?" काकूंनी विस्तव करून दिला. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून दशरथने संबळ धरला आणि तात्यांनी आडवं राहूनच शेकला, खूप वेळ, दोनदा थांबून. मग म्हणाले, लावा. मी मोबाईल जवळ धरला. त्यांनी एक ठोका दिला. तो आवाज अंगणातून निघाला आणि समोरच्या डोंगराकडे गेला, आणि आम्ही चौघं तो संपेपर्यंत गप्प होतो. मध्येच कोंबडी ओरडली.

"कोंबडी आली का त्यात?" तात्यांनी विचारलं.

"आली."

"आता पुन्ना न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "तसाच धाडा." मग दशरथकडे वळून म्हणाले, "ऐकला ना?" दशरथ खाली बघून म्हणाला, "व्हय."

तो ठोका मी त्याच मिनिटाला सुजितला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्याने उघडला. अकरा दिवसांनी तात्या गेले. त्या आठवड्यात 'फाट्या'ने पुण्यात तात्यांना श्रद्धांजली वाहिली. मागच्या पडद्यावर त्यांचा मोठा फोटो, आणि फिरोज रबराच्या चौकोनावर तीच दबलेली थोरली वाजवत होता. लोक रडले म्हणे.

सुजित, मी 'उरका' म्हणालो होतो, हे काकूंना आणि दशरथला त्यांच्यासमोर बसून सांगून आलोय. काकू उठून आत गेल्या. माझ्या वाट्याचं ते. आता तू ये. अकोल्याला ये, त्या अंगणात बस, आणि दशरथला सांग की तो ठोका तात्यांचा नाही, त्या दिवशी त्यांना विस्तव मिळाला नव्हता आणि तुला ते माहीत होतं. आणि खरा ठोका तुझ्या मोबाईलवर आहे, तू तो ऐकलास. ऐकून काय केलंस, त्याचं उत्तर मला नको, काकूंना दे.